चाकाला तेल घालू नका

“वहिनी, गाडी धुवा, घासा, रंगवा, काय वाटेल ते करा. फक्त चाकाला तेल घालू नका,” माळीकाका जाताना मला म्हणाले होते. दोन पावलं पुढे जाऊन परत वळले आणि म्हणाले, “आणि दुपारचा जरा कान असू द्या.”

मी हो म्हटलं. पाच महिन्यांचं मूल कडेवर असलेली बाई सगळ्यालाच हो म्हणत असते. गॅसवाला, सासूबाई, टीव्हीवरचा डॉक्टर, सगळ्यांना हो. त्यातलं ऐकलेलं किती असतं, हे विचारू नये. शिवाय मी रसायनशास्त्राची पदवीधर. गंजलेल्या आसाला तेल घालू नका हे मला एका माळ्याने सांगावं, याचा थोडा रागही आला होता. तो राग मी पुढे पुष्कळ दिवस आठवत राहिले.

गाडी म्हणजे आमच्या सोसायटीच्या बागेतली एकचाकी ढकलगाडी. पुढे एक चाक, मागे दोन पाय, दोन लाकडी दांडे आणि मध्ये पत्र्याची परात. पालापाचोळा, माती, कुंड्या वाहायला. आम्ही तळमजल्यावर राहतो आणि आमची झोपायची खोली बागेकडे उघडते. रोज दुपारी बरोबर अडीच वाजता, म्हणजे आमची ठमी पाऊण तासाच्या झटापटीनंतर डोळे मिटायला लागली की, बागेतून आवाज सुरू व्हायचा. किंऽऽकुर्र. किंऽऽकुर्र. दाताच्या डॉक्टरने सुरी परजायला घेतल्यासारखा. तो सावकाश आमच्या खिडकीखालून जायचा, मागच्या इमारतीला वळसा घालायचा, परत यायचा. ठमी टक्क जागी. मी पडदा ओढून, उशी कानावर दाबून माळीकाकांच्या नावाने दात खायचे. भर उन्हात दुपारी अडीचला कोण बागकाम करतं, हा प्रश्न मला रोज पडायचा. पडदा बाजूला करून एकदा बघावं, असं मात्र एकदाही वाटलं नाही.

शेवटी मी सोसायटीच्या सभेत उभी राहिले. आमचे सेक्रेटरी कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झाले असले तरी कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी चष्मा पुसला.

“तक्रार कोणाविरुद्ध? माळ्याविरुद्ध की गाडीविरुद्ध?”

“चाकाविरुद्ध,” मी म्हणाले.

“चाक हा गाडीचाच भाग झाला. आवाजाचं स्वरूप?”

मी सभेत तो आवाज काढून दाखवला. चांगला निघाला असावा, कारण माझ्या कडेवरची ठमी दचकून उठली आणि पुढची वीस मिनिटं सभेला दुसरं काही ऐकू आलं नाही. वरच्या काकू अजून जिन्यात भेटल्या की मला तो आवाज काढायला लावतात.

पुढच्याच आठवड्यात माळीकाका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सहा आठवड्यांच्या रजेवर निघाले. झाडांना पाणी वॉचमन घालणार होता. गाडी कोणाकडे, असं विचारल्यावर त्यांनी म्हणे क्षणभरही विचार न करता माझं नाव सांगितलं. मला वाटलं, सूड उगवला. सेक्रेटरींनी ‘एक नग, एकचाकी, जशी आहे तशी’ मिळाल्याचं पत्र माझ्याकडून दोन प्रतींत घेतलं आणि गाडी आमच्या खिडकीबाहेरच्या नळापाशी येऊन उभी राहिली. जवळून बघितली तेव्हा कळलं, की ‘जशी आहे तशी’ हे शब्द किती सोसतात.

परातीत मातीचे थर होते. खालचा थर तर आमच्या इमारतीच्या आधीचा असावा. जुन्या उलथन्याने मी ते सोलून काढले. पत्र्याच्या कोपऱ्यांत गंज होता. त्यावर वरच्या काकूंनी गॅलरीतून व्हिनेगर सुचवलं, वॉचमनने राख सुचवली, आणि नवऱ्याने नवी गाडी सुचवली. मी तिघांनाही बाजूला सारून तारेच्या ब्रशने सगळा पत्रा खरडला, मग घासकागद फिरवला, मग कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवला. दांड्यांना चिरा पडल्या होत्या, त्यांत अळशीचं तेल मुरवलं. चाकात हवा भरली. पाणी साचून पुन्हा गंजू नये म्हणून गाडी पालथी घालून ठेवायची, हेही मी वाचून काढलं होतं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मी एखादं काम सुरू करून ते त्याच दिवशी संपवत होते. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

दोन गोष्टी तेव्हा खटकायला हव्या होत्या. एक म्हणजे डाव्या दांड्याच्या मुठीवर निळी रबरी नळी गुंडाळलेली होती. अगदी एकसारखी, वेढ्याला वेढा लावून, आणि शेवटी एक बारीक, मला न सुटणारी गाठ. माळीकाकांचे तळवे म्हणजे खेटराचे तळ. त्यांना रबर कशाला? दुसरं म्हणजे चाकाचा नट सोडवून आस बाहेर काढला तेव्हा आत वाळू निघाली. चिखल नाही, धूळ नाही. चाळलेली, कोरडी, एकसारख्या दाण्याची वाळू, कोणी चिमटीने मोजून घातल्यासारखी.

“बघा तुमचे माळीकाका,” मी नवऱ्याला म्हणाले. “आसात वाळू जाऊ दिलीय माणसाने.”

मी वाळू धुतली. आस रॉकेलने पुसला. सायकलवाल्याकडून आणलेलं ग्रीस बोटाने भरलं आणि वरून शिवणयंत्राचं तेल सोडलं. चाकाला एक टिचकी मारली. ते फिरलं, आणि फिरतच राहिलं. आवाज नाही. एवढाही नाही. त्या क्षणी बागेत जी शांतता पसरली ती मी केलेली होती, आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

त्या दुपारी ठमी दोन तास झोपली. तिच्याबरोबर मीही. पाच महिन्यांतली पहिली खरी झोप, तळाला दगड लागेपर्यंत खोल. उठले तेव्हा गालावर चटईचे वळ होते आणि मी कोण हे आठवायला थोडा वेळ लागला. पडदा बाजूला केला. नळापाशी पालथी घातलेली गाडी खिडकीखाली सुलटी उभी होती. दांडे माझ्याकडे करून.

“उतार असेल,” संध्याकाळी नवरा म्हणाला.

“उताराने गाडी सुलटी होते?”

त्याने कुठूनतरी एक गोटी आणली आणि नळापाशी जमिनीवर सोडली. गोटी खिडकीच्या उलट दिशेला, कुंपणाकडे गेली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. “मग वारा,” तो म्हणाला आणि आत जाऊन चहा ठेवायला लागला. न सांगता चहा ठेवला, यावरून काय ते समजले.

दुसऱ्या दिवशी गाडीत बोचकं होतं.

ते मी लांबूनच बघितलं आणि माझे पाय थबकले. परातीत माझाच पिवळा टॉवेल होता, दोरीवर वाळत घातलेला. तो गुंडाळण्याची पद्धत मला ओळखीची होती. खालचं टोक वर, डावं आत, उजवं त्यावरून फिरवून मागे. इस्पितळात पहिल्या दिवशी ठमीला असंच गुंडाळून माझ्या हातात दिलं होतं. बोचक्याला दोऱ्याने एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं होतं. टपोऱ्या, सरळ अक्षरात लिहिलं होतं: ‘मुलगी. २ किलो ८००. आईला दाखवावी.’

ठमी माझ्या कडेवर होती. तरीही मी आधी तिच्याकडे बघितलं, मग बोचक्याकडे. टॉवेल उलगडायला मला किती वेळ लागला ते मी सांगणार नाही. आत मातीची कुंडी होती. रिकामी, स्वच्छ पुसलेली.

हे कोणाला सांगायचं असा माणसाला प्रश्न पडतो. मी वरच्या काकूंना सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्यांनाच सांगितल्यासारखं झालं. काकू पोटावर हात ठेवून हसल्या, मग हसता हसता थांबल्या. “आता आवाज येत नाही ना गं तिचा?” त्यांनी विचारलं. “म्हणजे ती आली तरी कळायचं नाही.” बोलून त्या जिना चढून गेल्या. अशी वाक्यं बोलून लोक जिने का चढून जातात, मला कळत नाही.

मागच्या इमारतीत तळमजल्यावर सिस्टर राहतात. त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. बाळंतपणाच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी नर्स म्हणून सगळी नोकरी केली. त्यांची लेक सहापर्यंत ऑफिसात असते आणि त्यांना सांभाळायला दिवसभर एक बाई येते. सिस्टर रोज सकाळी गॅलरीत ताठ बसलेल्या असत आणि मी ठमीला उन्हात घेऊन गेले की एकच शब्द बोलत. “वजन?” नमस्कार नाही, चौकशी नाही. मला आधी ते फार लागायचं. माझं दूध पुरत नाही असं त्यांना सुचवायचंय, असं मी ठरवून टाकलं होतं. पण मी ठमीची वजनं वहीत लिहिणारी आई, त्यामुळे खरा आकडा सांगून टाकायचे. “सहा किलो चारशे, सिस्टर.” त्या मान हलवत. संपलं. त्या आठवड्यात मी त्यांनाही विचारलं, की दुपारी बागेत कोणी दिसतं का. सिस्टर म्हणाल्या, “दुपारी वॉर्ड शांत असतो.” म्हातारं माणूस, कुठल्या तंद्रीत असेल, असं म्हणून मी पुढे गेले.

तिसऱ्या दिवशी गाडीत पुन्हा बोचकं. आत धोंडा होता. कार्डावर: ‘मुलगा. ३ किलो १००. रडत नाही. डॉक्टरांना कळवणे.’

मी ते कार्ड घेऊन सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी तक्रारीचा छापील कागद काढला. त्यात तीन रकाने होते. वस्तू हरवली, वस्तू मोडली, वस्तू चोरीस गेली. “तुमची कुठली?”

“हरवली नाही. मोडली नाही. रोज परत येते.”

“मग तक्रार काय?”

“येते हीच.”

त्यांनी कागद परत खणात ठेवला. “वहिनी, गाडी सोसायटीची, ताबा तुमचा. हलली तर तुमच्या ताब्यात हलली. साखळी लावा.” मी निघाले तेव्हा मात्र त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “वजन खरंच लिहिलंय?”

मी साखळी लावली. दांड्याभोवती दोन वेढे, नळाच्या उभ्या पाइपाभोवती एक, आणि कुलूप. नवऱ्याने खेचून बघितली आणि पसंत केली. चौथ्या दिवशी साखळी कुलपासकट परातीत ठेवलेली होती, चकलीसारखी गोल वळून, खाली घडी घातलेला टॉवेल. साखळीचे वेढे दांड्याच्या टोकावरून आणि पाइपाच्या डोक्यावरून नुसते सरकवून काढता येतात, हे दोन पदव्यांच्या घरात कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. टॉवेल रिकामा होता. कार्डावर एवढंच: ‘आई सापडली नाही.’

तुम्ही म्हणाल, एवढी काळजीखोर बाई, पहारा का नाही दिला? दिला. रोज दिला. दोन वाजता पडद्याआड खुर्ची टाकून, मांडीवर लाटणं घेऊन बसायचे. ठमी शेजारी गादीवर. बाहेर ऊन पांढरं पडलेलं, एक पान हलत नाही, आणि आवाज म्हणून नाही. पाच महिन्यांच्या जागरणानंतर अशी शांतता म्हणजे औषधच. अडीचच्या आत माझी मान पडलेली असायची. माझी शांतता मलाच पाडत होती. जाग आली की लाटणं जमिनीवर आणि गाडी खिडकीखाली.

“रंग दे तिला,” वरच्या काकू म्हणाल्या. “जुन्या वस्तूला जुन्या सवयी असतात. नवा रंग लागला की विसरते.”

यात काही अर्थ नाही, हे मला कळत होतं. पण रंग देणं हे देखभालीतच मोडतं, म्हणजे घाबरून केलं असं कोणाला म्हणता आलं नसतं. फाटकाचा उरलेला हिरवा रंग वॉचमनकडे होता. डब्यावर ‘चार तासांत वाळतो’ लिहिलेलं होतं. पाचव्या दिवशी मी अकराला सुरुवात केली, आधी परात, मग पाय, आणि सगळ्यांत शेवटी, एक वाजता, चाक. हौसेने टायरच्या कडेलाही हात मारला. पुठ्ठ्यावर उभी केलेली गाडी नव्यासारखी दिसत होती. फक्त रंगाचा वास खोलीभर पसरला. लहान मुलीच्या नाकात तो जाऊ नये म्हणून, एरवी लावलेलं बागेकडचं दार मी उघडं ठेवलं.

म्हणजे बघा. आवाज मी बंद केला, दार मी उघडलं.

जाग आली तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. घड्याळ आधी दिसलं. मग गादी दिसली. गादीवर ठमी नव्हती.

मी तिथे हात ठेवला. गार होतं.

आपण अशा वेळी किंचाळू असं मला नेहमी वाटायचं. माझा आवाज बाहेरच आला नाही. मी उशी उचलून बघितली. पलंगाखाली बघितलं. पाच महिन्यांचं मूल, जे अजून कुशीवरही नीट वळत नाही, ते कपाटात असेल म्हणून कपाट उघडलं. मग दारात आले. पुठ्ठा होता, गाडी नव्हती. मी कान देऊन उभी राहिले. रोज ज्याला शिव्या घातल्या तो आवाज यावा म्हणून मी सगळं अंग कान केलं, आणि बागेत काही म्हणजे काही वाजत नव्हतं.

मग मला हिरवी रेघ दिसली.

बोटभर लांबीची, फरशीवर. पुढे अडीच पावलांवर दुसरी. त्याच्यापुढे तिसरी. चाकाला जिथे रंग जाड बसला होता ती जागा दर फेऱ्याला जमिनीला टेकत गेली होती. मी त्या रेघांमागून निघाले. एक, दोन, तीन. खिडकीखालून, कढीपत्त्याच्या झाडाला वळसा घालून मागच्या इमारतीकडे. सिस्टरच्या गॅलरीपाशी रेघा थांबून परत वळल्या होत्या. आत टीव्ही चालू होता आणि सांभाळणारी बाई त्याच्यासमोर घोरत होती. सिस्टरची खुर्ची रिकामी. तेव्हा कुठे, इतक्या उशिरा, माझ्या डोक्यात निळी रबरी नळी, टॉवेलाची घडी आणि ‘वजन?’ हे तिन्ही एकत्र आलं.

रेघा पंपाच्या खोलीकडे गेल्या. तिथे पाण्याची जमिनीतली टाकी आहे आणि तिचं झाकण गेल्या वर्षीपासून तडकलेलं आहे. समितीत तो विषय ‘विचाराधीन’ आहे. एक रेघ झाकणाच्या अगदी कडेवर होती. मी गुडघ्यांवर बसून फटीतून आत बघितलं. काळं पाणी आणि माझंच तोंड. पुढची रेघ शोधायला मला जो वेळ लागला तो घड्याळात दोन-चार सेकंदांचाच असेल. ती पलीकडे होती. फिकट. रंग संपत आला होता.

रेघा फाटकाबाहेर गेल्या. वॉचमन झाडांना पाणी घालत पुढच्या बाजूला होता. फाटकाबाहेर रस्ता. रस्त्याच्या मधोमध एक रेघ होती आणि तिच्यावरून एका मोठ्या गाडीचं टायर गेलेलं होतं. रंग पुढे चार हात ओढला गेला होता. मी दोन्ही बाजूंना न बघता रस्ता ओलांडला.

पलीकडे दवाखाना आहे. दुपारी बंद असतो, पाचला उघडतो. त्याच्या पायरीवर सिस्टर बसल्या होत्या. पाठ सरळ, गुडघे जुळवलेले, एक पाऊल चाकाला आडवं लावून ठेवलेलं, गाडी घरंगळू नये म्हणून. हिरव्यागार परातीत पिवळा टॉवेल, टॉवेलात ठमी. जागी होती. परातीच्या कडेशी आलेली निळी रबरी मूठ हिरड्यांत धरून मन लावून चावत होती. तिचं एक कोपर हिरवं झालं होतं.

मी धावत जाऊन तिला उचलणार, तोच सिस्टरनी हात आडवा केला. त्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

“भेटायची वेळ पाच ते सहा,” त्या म्हणाल्या. “नातेवाईक का?”

“सिस्टर, मी आहे. आई. तिची आई.”

“आई झोपलीय. मी बघून आले. फार दिवसांनी झोपलीय बिचारी.” त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. केस पिंजारलेले, एका पायात चप्पल, गालावर चटईचे वळ. “आई म्हणून कोणीही येतं. मूल असं देता येत नाही.”

मला रडू फुटत होतं. ठमी माझ्याकडे बघून हसली, पण तेवढा पुरावा सिस्टरना पुरेसा नव्हता. त्यांनी तोच एक शब्द विचारला, रोज सकाळी विचारायच्या तसाच.

“वजन?”

“सहा किलो चारशे,” मी म्हणाले.

त्यांनी ठमीच्या मनगटावरचं कार्ड वाचलं. हात बाजूला झाला. टॉवेलाची घडी एकदा नीट करून त्यांनी ठमीला माझ्या हातात दिलं, मानेखाली पंजा ठेवून, इतक्या सफाईने, की मी पाच महिन्यांत एकदाही तसं उचललेलं नव्हतं. मग कार्ड सोडवून माझ्यापुढे धरलं. “सही.”

मी सही केली. कार्डावर लिहिलं होतं: ‘मुलगी. ६ किलो ४००. आई झोपली आहे. उठवू नये.’

त्या संध्याकाळी मी माळीकाकांना फोन लावला. आवाज चढवायचा ठरवला होता, चढलाही.

“तेल घातलंत ना,” ते म्हणाले. प्रश्न नव्हताच तो.

“तुम्ही आधी का नाही सांगितलंत मला?”

त्यांनी पंखा बंद केल्याचा खटका फोनवर ऐकू आला. “माझी तिन्ही पोरं सिस्टरच्या हातावर झाली, वहिनी. मधली निळी पडली होती, तिला त्यांनी उलटी धरून रडवली. त्यांचं डोकं फिरलंय असं माझ्या तोंडून कसं निघावं? दुपारी त्यांना वॉर्डात फेरी मारायची असते. मारू दे म्हटलं. मुठीला मऊ करून दिलं. चाकात महिन्याला चिमूटभर वाळू घालायची, म्हणजे कुठे आहेत ते सोसायटीतल्या माझ्या खोलीत पडल्या पडल्या कळतं. आवाज चालू आहे तोवर सिस्टर चालतायत. थांबला की उठून बघायचं. एवढंच काम.”

“आणि मग माझ्यावर कशाला टाकलंत?”

“अख्ख्या सोसायटीत तो आवाज रोज ऐकणारी तुम्हीच एक होतात,” माळीकाका म्हणाले.

चाकाचं तेल काढणं हे घालण्यापेक्षा फार अवघड काम आहे. मी आस रॉकेलने तीनदा धुतला, साबणाने दोनदा. चाक आपलं गरगर फिरतंय, माझ्याकडे बघून. नवऱ्याने घंटी बांधली. ती सिस्टरनी पहिल्याच फेरीत काढून माझ्या हातात दिली आणि वॉर्डात घंटी वाजवते म्हणून मला झापलं. वरच्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, इतक्या वर्षांत कुरकुर घालवायचे उपाय सांगितले, आणायचा कोणी विचारलाच नाही. अखेर बांधकामावरची वाळू चाळून, भाजून कोरडी करून चिमटीने घातली. आठवडाभराने एका दुपारी अडीच वाजता चाक बोललं. किंऽऽकुर्र. ठमी दचकून उठली. मी तिला खांद्यावर घेतलं, पडदा बाजूला केला आणि आवाज मागच्या इमारतीला वळसा घालून परत येईपर्यंत उभी राहिले. सिस्टरच्या लेकीला मी सगळं सांगितलं होतं. ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली आणि पुन्हा पुन्हा ठमीचं कोपर बघत राहिली. रंग निघाला नव्हता.

दोन महिने असे गेले. मग लेकीची बदली झाली. सिस्टर जाणार म्हटल्यावर गाडीही त्यांच्याबरोबर जायला हवी, हे मला आणि माळीकाकांना बोलावं लागलं नाही. पण सोसायटीची वस्तू अशी देता येत नाही. सेक्रेटरींनी नियम काढला. वस्तू निकामी ठरली तरच ती काढून टाकता येते. समितीचे तिघं पाहणीला आले. पत्रा चकचकीत, दांडे घट्ट, रंग नवा. सेक्रेटरींनी गाडी चार पावलं ढकलली. किंऽऽकुर्र. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा पुसला, आणि ‘असह्य आवाजामुळे वापरास अयोग्य’ असं लिहून सही ठोकली. माणूस इतका वाईट नाही.

टेम्पोत सामान चढत असताना सिस्टर पुढे बसल्या होत्या. मी ठमीला काचेशी धरलं. “सात किलो नऊशे,” मी आपण होऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली.

पहिले काही आठवडे लेकीचे फोन यायचे. नवी जागा आहे, तळमजलाच आहे, मागे मोकळं आहे, बाई अजून मिळाली नाही, शेजारी ओळखीचे व्हायचेत. गेले तीन आठवडे तो नंबर लागत नाही. पत्ता मी तेव्हा लिहून घेतला नाही. वजनं लिहून घेत बसले.

म्हणून हे लिहिलं. तुमच्याकडे मध्यंतरी कोणी नवीन राहायला आलं असेल, आणि दुपारी अडीचला बाहेर एका चाकाची कुरकुर सुरू झाली असेल, तर एकदा पडदा बाजूला करून बघा. गाडी हिरवी आहे, डाव्या मुठीला निळी रबरी नळी आहे आणि तिच्यावर बारीक चावल्याच्या खुणा आहेत. तुमचं मूल झोपमोड होऊन रडेल, रडू द्या. त्यांनी काही विचारलं तर खरा आकडा सांगा. दिलं तर सही करा. तेल घेऊन कोणी खाली निघालं असेल तर त्याला थांबवा. आणि आवाज मध्येच थांबला, तर हातातलं तसंच टाकून खाली जा आणि त्या कुठे आहेत ते बघा. पाण्याच्या टाकीपाशी आधी बघा. मग रस्त्यावर.